लहानपण मोठेपणी किती पुरतं? 'अटॅचमेंट'चं शास्त्र, सोप्या भाषेत

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कॅफेत बसलेली विशीतली पोरं-पोरी हल्ली एकमेकांची रास विचारत नाहीत, 'अटॅचमेंट स्टाइल' विचारतात, म्हणजे जवळच्या माणसाशी नातं धरायची तऱ्हा. "मी अँक्शस, तो अव्हॉइडंट, मग कसं जमणार?" (म्हणजे मी सारखी धास्तावणारी, तो आखडून घेणारा.) मेसेजला उत्तर यायला उशीर झाला की तुमच्या पोटात गोळा येतो, आणि त्याचं मूळ तुमच्या पहिल्या दोन वर्षांत आहे, असं तीस सेकंदांच्या रीलमध्ये कुणीतरी ठासून सांगितलेलं असतं. ते ऐकून पोरगी घरी येते आणि म्हणते, "तुमच्यामुळं मी अशी झाले." शिवाजी पेठेतली तिची पन्नाशीची आई हातातलं पीठ तसंच ठेवून बघत राहते. स्वतःच्या तोंडचा घास काढून वाढवलं, चांगलं शिकवलं, आता हे काय नवीन?

रीलवाले ज्या शास्त्राचा हवाला देतात ते भाकड नाही. पन्नास-साठ वर्षांचं भक्कम काम त्यामागे आहे. फक्त त्यातला घाबरवणारा भाग त्यांनी उचलला आणि दिलासा देणारा भाग वाटेत सांडला. तो सांडलेला भागच मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

### रडणारं बाळ काय शिकत असतं?

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात लाखो मुलं बेघर, पोरकी झाली होती. त्यांचं काय होणार, हे तपासायचं काम जागतिक आरोग्य संघटनेनं जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाकडे दिलं. त्याचा अहवाल १९५१ मध्ये आला. तोपर्यंत बहुतेक तज्ज्ञांचं म्हणणं असं की बाळ आईला चिकटतं ते दुधासाठी. पोट भरणाऱ्याचा लळा लागतो, संपला विषय.

१९५८ मध्ये हॅरी हार्लो या अमेरिकी संशोधकानं माकडांच्या पिल्लांवर केलेले प्रयोग मांडले. (आज असे प्रयोग करायला कुणी परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे.) पिंजऱ्यात दोन खोट्या आया ठेवल्या. एक नुसत्या तारेची, तिच्याकडे दुधाची बाटली. दुसरी मऊ कापडाची, तिच्याकडे काहीच नाही. पिल्लं दूध प्यायला तारेवर जायची आणि दिवसाचा बहुतेक वेळ कापडाला बिलगून काढायची. काही भीतीदायक समोर आणलं की धावत जायची तीही कापडाकडेच.

बोल्बीचं म्हणणं असंच होतं. भुकेइतकीच जुनी, भुकेपेक्षा वेगळी अशी एक गरज प्रत्येक पिल्लात असते: घाबरलं, दुखलं, दमलं की एका ठराविक माणसाजवळ जायची. त्या ओढीला आणि तिच्यातून तयार होणाऱ्या नात्याला 'अटॅचमेंट' म्हणतात. इथून पुढे मी त्याला बंध म्हणेन.

आता मुद्द्याचं. बाळाला बोलता येत नाही, पण ते सतत अंदाज बांधत असतं. रडलो की कुणी येतं का? दर वेळी येतं, की कधी येतं कधी नाही? आलेला माणूस शांत करतो, की स्वतःच भडकतो? हजारो वेळा हे घडल्यावर मनात माणसांविषयी एक अपेक्षा पक्की होते. मोठेपणी उरते ती ही अपेक्षा. दोन वर्षांच्या आतले प्रसंग कुणालाच आठवत नाहीत, पण त्यांतून बांधलेला अंदाज आपण घेऊन फिरतो.

कोल्हापूरकराला हे सांगायला पंचगंगेइतकं चांगलं उदाहरण नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांच्या मनातली इशारा पातळी सरकारी आकड्याच्या बरीच खाली गेली. नदी तिसाव्या फुटाला असतानाच ते फ्रिज उचलून विटांवर ठेवतात, रात्री दोनदा उठून मोबाइलवर पातळी बघतात. त्यात येडेपणा काही नाही, अनुभवानं शिकवलेलं आहे. काही जणांचं उलट होतं: ते पातळी बघायचंच सोडून देतात, पावसाचा विषय निघाला की उठून जातात. अडचण येते ती घर बदलल्यावर. उंचावरच्या नव्या वसाहतीत राहायला गेलेला माणूसही पहिल्या सरीला फ्रिज उचलायला लागतो. बालपणाचं नेमकं असंच होतं. ज्या घरात ती सवय लागली तिथं ती उपयोगाचीच होती. पुढं नवरा-बायको, मित्र, साहेब ही माणसं वेगळी असतात, पण मनातला फूटपट्टीचा आकडा जुनाच असतो.

### वीस मिनिटांची परीक्षा

संध्याकाळी रंकाळ्याच्या चौपाटीवर दीड वर्षाचं कुठलंही पोर बघा. आईच्या मांडीवरून उतरतं, भेळेच्या गाड्याच्या दिशेनं आठ-दहा पावलं जातं, थांबतं, मागं वळून आई आहे ना बघतं. मग आणखी पुढं. कुत्रं भुंकलं की पळत येऊन आईच्या गुडघ्याला हात लावतं, क्षणभर टेकतं आणि परत निघतं. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईनं १९५४-५५ मध्ये युगांडातल्या खेड्यांत, कुटुंबांच्या घरी जाऊन हेच बारकाईनं टिपलं. परत यायची जागा पक्की असेल तर पोर लांब जातं. धीट आणि आईवेडं या दोन गोष्टी विरुद्ध नाहीत, हे तिच्या नोंदींतून पुढं आलं.

पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला तिनं एक छोटी परीक्षा तयार केली. वर्ष-दीड वर्षाचं बाळ, एक अनोळखी खोली, खेळणी. आई बसते, एक परकी बाई येते, आई थोडा वेळ बाहेर जाते, परत येते. सगळं मिळून वीसेक मिनिटं. बघणाऱ्याला वाटतं, आई गेल्यावर कोण किती रडतं ते मोजायचं असेल. प्रत्यक्षात डोळा असतो तो आई परत आल्यावर काय होतं यावर.

अमेरिकेतल्या सर्वसाधारण घरांतली साधारण दोन-तृतीयांश बाळं आई परतली की तिच्याकडे जातात, कडेवर शांत होतात आणि पुन्हा खेळायला लागतात. त्यांना निर्धास्त म्हणू. काही बाळं आईला घट्ट धरतात आणि त्याच वेळी तिला ढकलतातही, लवकर शांत होतच नाहीत. ती धास्तावलेली. आणि काही बाळं आई आल्याचं जणू दिसलंच नाही अशी खेळत राहतात. ती आखडती.

या आखडत्या बाळांपाशी जरा थांबायला हवं, कारण आपल्याकडे त्यांचं फार कौतुक होतं. "किती शहाणं आहे, अज्जिबात त्रास नाही." अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा आई गेल्यावर तेही चांगलेच वाढलेले आढळले. आतून बाळ घाबरलेलंच होतं. दाखवून उपयोग नाही, एवढं त्यानं वर्षभरात शिकून घेतलं होतं.

पुढे मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी चौथा गट दाखवला. ही बाळं आईकडे निघतात आणि मध्येच थिजतात, किंवा तोंड फिरवून उलटी सरकत जातात. जिच्याकडे धाव घ्यायची तिचीच भीती वाटते, अशी कोंडी झालेली. मारहाण, दारू, घरातली दहशत जिथं आहे तिथं हा गट मोठा असतो. खरी काळजी करावी तर या गटाची.

### लग्नानंतर हेच कसं दिसतं?

१९८७ मध्ये सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातल्या एका वर्तमानपत्रात प्रेमाविषयीची प्रश्नावली छापली. लोकांनी उत्तरं भरून पाठवली. त्यात निर्धास्त निघाले ५६ टक्के, आखडते २५ आणि धास्तावलेले १९. बाळांच्या अभ्यासांतल्याशी मिळतंजुळतं प्रमाण. इथून 'मोठ्यांची अटॅचमेंट स्टाइल' हे प्रकरण सुरू झालं. आजच्या रीलचं मूळ म्हणाल तर वर्तमानपत्रातली ती प्रश्नावली.

आपल्याकडचं चित्र असं दिसतं. नवरा शिरोलीच्या फौंड्रीत, सेकंड शिफ्ट करून रात्री येतो. कशावरून तरी खटका उडतो. त्याला वाटतं, आता बोललो तर वाढेल, म्हणून तो गाडीला किक मारून कट्ट्यावर जाऊन बसतो. तिला वाटतं, गेला म्हणजे आपल्यावरची मायाच गेली, म्हणून ती फोनवर फोन लावत राहते. जेवढे फोन तेवढा तो लांब, जेवढा तो लांब तेवढे फोन. दोघंही आपापल्या जुन्या इशारा पातळीनुसार वागतायत. त्यानं लहानपणी शिकलेलं असतं की रडून काही मिळत नाही, गप बसावं. तिनं शिकलेलं असतं की जोरात आणि सारखं रडलं तरच कुणी बघतं. सकाळी तो म्हणतो, "तुला डोकंच नाही," आणि ती म्हणते, "तुम्हाला काळीजच नाही."

हा संबंध किती पक्का? मध्यम, किंवा त्याहून कमी. बाळपणी मोजलेला बंध आणि वीस वर्षांनंतर मोजलेला बंध यांची तुलना करणारे अभ्यास एकत्र केले, की काहींत दोन्हींचा मेळ बऱ्यापैकी बसतो, काहींत जेमतेम. वाटेत आईबापाचा मृत्यू, घटस्फोट, आजारपण आलं तर निर्धास्त पोरही धास्तावतं. उलटही घडतं. लहानपण बघून कुणाच्या संसाराचं भविष्य वर्तवता येत नाही. तसं वर्तवणाऱ्याला ज्योतिषाइतकाच मान द्यावा.

### "आमची आठ भावंडं होती, कोण बघत होतं?"

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो, आणि तो फालतू नाही. आई शेतात, बाप तालुक्याला, पोरं अंगणात. मग ती सगळी बिघडायला हवी होती.

पण कुणीच बघत नव्हतं हे खरं नसतं. आजी होती, बिनलग्नाची आत्या होती, शेजारची काकू होती, दहा वर्षांची थोरली बहीण होती. १९६४ मध्ये शाफर आणि इमर्सन यांनी ग्लासगोतल्या ६० बाळांचा पाठपुरावा केला, तेव्हा दीड वर्षापर्यंत बहुतेक बाळांचे बंध एकाहून जास्त माणसांशी जुळलेले दिसले. बाप, आजी, भावंड, शेजारी. बाळाला माणसं मोजकी आणि तीच ती लागतात. ती एकच असावी आणि आईच असावी असं नाही. वाड्यातल्या पोराला ती मिळत होती. आज पाचव्या मजल्यावरच्या वन बीएचकेत एकट्या बाईला ते सगळं एकटीनं पुरवायचं असतं. पूर्वीच्या आयांपेक्षा ती कमी पडते असं म्हणणाऱ्यांनी आधी घरातली माणसं मोजावीत.

शिवाय "आम्ही काय बिघडलो?" असं विचारणाऱ्या सगळ्यांच्या घरात त्यांच्या बायकोला आणि पोरांना हाच प्रश्न एकदा विचारून बघायला हरकत नाही.

### सगळं आईच्याच माथी का?

बोल्बीच्या पहिल्या अहवालाचा पुढे भलताच वापर झाला. बाईनं नोकरी केली तर पोराचं वाटोळं, असं त्याच्या नावावर सांगितलं गेलं, आणि त्याच्या सुरुवातीच्या लिखाणात त्याला वाव होता हेही खरं. अमेरिकेत १९९१ पासून १,३०० हून जास्त मुलांवर सरकारी पैशातून एक मोठा अभ्यास झाला. पाळणाघरात ठेवल्यानं बंध तुटतो का, हा त्यातला एक प्रश्न होता. उत्तर आलं: नुसत्या पाळणाघरानं नाही. घरी आल्यावर आई बाळाचं कसं ऐकते याचा वाटा मोठा. घरीही दुर्लक्ष आणि पाळणाघरही हलक्या दर्जाचं, असं दोन्हीकडून आलं की मात्र धोका वाढतो.

आणखी एक गोष्ट आयांनी ऐकावी. एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि बाळ समोरासमोर बसवून सेकंदासेकंदाचं चित्रण तपासलं. चांगल्या जोड्यांतही दोघांचा सूर साधारण तीस टक्केच वेळ जुळलेला होता. उरलेला वेळ ती हसते तेव्हा त्याला झोप येते, त्याला खेळायचं असतं तेव्हा ती दमलेली असते. बाळ वाढतं ते या चुकामुकीनंतर परत जुळवून घेण्यावर. रागावलात, ओरडलात, मग थोड्या वेळानं जवळ घेतलंत, तर त्यातून ते शिकतं की भांडण झालं तरी माणूस परत येतो. लग्नात उपयोगी पडणारं याहून मोठं शिक्षण मला तरी माहीत नाही. ट्रॉनिक यांच्याच दुसऱ्या प्रयोगात आईला दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलं. बाळ हसून, हात करून, आवाज काढून तिला परत आणायची धडपड करतं, आणि शेवटी तोंड फिरवतं. मोबाइलमध्ये मान घातलेल्या आईबापासमोर बसलेलं पोर मी जेव्हा जेव्हा बघतो तेव्हा मला तो प्रयोग आठवतो.

पण बाळाचं ऐकायला माणूस तिथं असावा लागतो आणि तो दमून मेलेला नसावा लागतो. कोल्हापुरात बसून हा विषय लिहायचा आणि ऊसतोड टोळ्यांबद्दल बोलायचं नाही, हे जमणार नाही. दिवाळीच्या आसपास बीड, धाराशिवकडून टोळ्या येतात, कारखान्याच्या आसपास पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुट्टी नाही. खाडा झाला की पैसे कापले जातात. बाई पहाटे अंधारात भाकरी थापून फडात जाते. तान्हं पोर बांधाच्या झाडाला बांधलेल्या झोळीत, नाहीतर गाडीखाली सावलीला, आणि राखणीला सात-आठ वर्षांची बहीण. बाळ रडलं की आईला ऐकू येतं. ती मोळी खाली टाकून येऊ शकेलच असं नाही. ज्यांनी पोरं गावाकडे आजीपाशी ठेवली, त्या पोरांना वर्षातले पाच-सहा महिने आई दिसत नाही, आणि ती परत आली की थोडे दिवस पोर तिच्याजवळ जात नाही. यात मायेची कमतरता कुठं आहे? कमतरता वेळेची आहे आणि ती उसाच्या दराशी, मजुरीशी, उचलीशी जोडलेली आहे.

२०१७ मध्ये कायदा बदलून बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवडे झाली, आणि ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. कागलच्या पंचतारांकित वसाहतीतल्या मोठ्या कंपनीतल्या बाईला त्याचा उपयोग होईल. हुपरीत घरात बसून पैंजणाला घुंगरू जोडणाऱ्या बाईला, इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला जाणाऱ्या घरांना आणि कोयत्याला त्या कायद्याचा हात पोचत नाही. अंगणवाडी १९७५ पासून आहे, पण तीन वर्षांखालच्या पोरांसाठी तिथं मुख्यतः आहार आणि लसीकरण. दिवसभर सांभाळायची सोय बहुतेक ठिकाणी नाही. संस्कारांवर भाषणं देणाऱ्या पुढाऱ्यांनी फडाशेजारी एक पाळणाघर काढलं तर भाषणापेक्षा जास्त काम होईल.

### "सारखं उचललं की सवय लागती"

"अगं, रडलं की लगेच उचलू नगंस. कडेवरची सवय लागली की तुलाच कामं सुदरायची न्हाईत."
"आत्ती, पण ते रडून रडून लालबुंद झालंय."

पहिल्या वर्षात तरी सुनेची बाजू बरोबर. ज्या आया पहिल्या काही महिन्यांत रडण्याला लगेच प्रतिसाद देत होत्या, त्यांची बाळं वर्षाअखेर कमी रडत होती, असं एन्सवर्थ आणि सिल्व्हिया बेल यांनी १९७२ मध्ये मांडलं. त्यावर पुढे तज्ज्ञांत वाद झाले, पण उचलल्यामुळं बाळ बिघडतं असं दाखवणारा भक्कम पुरावा काही मिळाला नाही. कडेवर घेणं म्हणजे लाड नव्हेत. लाड म्हणजे तीन वर्षांच्या पोरानं मोबाइलसाठी लोळण घेतली आणि आपण वैतागून तो त्याच्या हातात दिला, ते.

मोठं होताना मर्यादा लागतातच. डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांच्या तऱ्हा तपासल्या. नुसता धाक आणि नुसती मोकळीक, दोन्ही कमी पडतात. माया आणि शिस्त एकत्र असतील ती पोरं जास्त सावरलेली निघतात. हे आपल्या तालमीतल्या लोकांना नव्यानं सांगायला नको. चांगला वस्ताद पहाटे उठवतो, जोर-बैठका चुकल्या की झापतो आणि संध्याकाळी खुराक झाला का तेही विचारतो. तो कशावर चिडेल हे पोरांना आधीच माहीत असतं. घरातला बाप कधी कशावर चिडेल याचा पत्ताच नसेल, तर पोर दाराच्या आवाजावरून त्याचा मूड ओळखायला शिकतं आणि पुढं आयुष्यभर सगळ्यांचे मूड ओळखत बसतं.

माराबद्दल थोडक्यात: २०१६ मध्ये ७५ अभ्यास आणि १,६०,००० हून जास्त मुलांची माहिती एकत्र तपासली गेली. चापट-धपाट्यानं पोर सुधारतं असं त्यात दिसलं नाही. जिथं मार जास्त तिथं आक्रमकपणा जास्त आणि आईबापाशी नातं जास्त बिघडलेलं दिसलं. आयुष्यात एकदा दिलेल्या धपाट्यानं कुणाचं व्यक्तिमत्त्व बदलत नाही. रोजच्या धपाट्याचं तसं सांगता येत नाही.

### "रक्तातच असतं ते"

यातही खरेपणा आहे, आणि संस्कारवाल्यांना तो पचत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसतं की स्वभावातल्या फरकांपैकी साधारण ४० ते ५० टक्के फरक आनुवंशिकतेशी जोडलेला असतो. बोलका की घुमा, शांत की चिंता करणारा, हे पोर थोडंफार बरोबर घेऊनच येतं. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. पहिल्या महिन्यांतच काही बाळं सहज रुळणारी, काही हळू खुलणारी, काही सारखी किरकिरी दिसली. त्यांनी महत्त्व दिलं ते जोडीला: पोराचा स्वभाव आणि घराची अपेक्षा यांचं जमतं का? घुम्या पोराला "बोल की रं, तोंड शिवलंय का?" म्हणत पाहुण्यांसमोर उभं करणाऱ्या घरात त्याचं जड जातं. त्याच पोराला दहा मिनिटं आईच्या पदराआड बसू दिलं की ते आपण होऊन बाहेर येतं.

म्हणून एकाच घरातली दोन भावंडं वेगळी निघतात. आणि घरही दोघांना एकच मिळत नाही. थोरल्याच्या वेळी बापाचा धंदा बसलेला असतो, धाकट्याच्या वेळी तो सावरलेला असतो.

### हे परदेशातलं, आपल्याला कसं लागू?

आधी सांगितलंच की घरोघरच्या नोंदींची सुरुवात युगांडात झाली. १९८८ मध्ये त्याच वीस मिनिटांच्या परीक्षेचे आठ देशांतले ३२ अभ्यास एकत्र केले गेले, तेव्हा सगळीकडे निर्धास्त गटच मोठा निघाला, आणि देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशातल्या गटागटांतला फरक जास्त भरला. तरी एक आक्षेप शिल्लक राहतो, आणि तो रास्त आहे. जपानमध्ये बाळ आईपासून क्वचितच दूर होतं, त्यामुळे परीक्षेत ते जास्तच घाबरलं आणि धास्तावलेल्यांत मोजलं गेलं. आईच्या कुशीत झोपणाऱ्या आपल्या बाळांचंही तसंच होईल. परीक्षा त्या मातीतली आहे, गरज सगळीकडची.

### पहिली दोन वर्षं गेली, मग सगळं गेलं?

नाही. पण एक टोक माहीत असावं. रोमानियात १९८९ मध्ये चाउशेस्कू या हुकूमशहाची राजवट पडली आणि तिथले अनाथाश्रम जगाला दिसले: ओळीनं पाळणे, खायला-प्यायला मिळतंय, पण उचलून घ्यायला कुणी नाही. तिथल्या १३६ मुलांवर पुढं बुखारेस्टमध्ये अभ्यास झाला. निम्मी मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवली. कुटुंबात गेलेली मुलं सुधारली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचे बंध जास्त चांगले जुळले. म्हणजे लवकर हे महत्त्वाचं. पण हे टोकाचं वंचन होतं. आई नोकरीला जात होती, बापानं दोनदा मारलं, एवढ्यावर त्याची तुलना लावणं म्हणजे त्या पोरांचा अपमान आहे.

दुसऱ्या टोकाला हवाईतलं काउआई बेट. एमी वर्नर यांनी तिथं १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा काही दशकं पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणं, आईबापाचं आजारपण यांत वाढलेल्या मुलांपैकीही साधारण एक-तृतीयांश मुलं नीट, मायाळू, कामाची माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट म्हणजे धरून राहणारं एखादं माणूस. आजी, मामा, शेजारीण, शिक्षक, कुणीही.

आपल्या गावाच्या इतिहासातही असं एक मूल आहे. १८७४ मध्ये जन्मलेल्या, कागलच्या घाटग्यांच्या यशवंतची आई तो तीनेक वर्षांचा असताना वारली. १८८४ मध्ये, दहाव्या वर्षी, तो कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला, आणि त्यानंतर दोनच वर्षांत वडीलही गेले. पुढं शाहू महाराज म्हणून या माणसानं बाहेरगावच्या गरीब पोरांसाठी वसतिगृहामागून वसतिगृह उघडलं. लहानपणीच्या पोरकेपणातून ते आलं, असं मी म्हणणार नाही. मेलेल्या माणसाच्या मनाचं निदान करायचं नसतं. आई लवकर गेली म्हणजे माणूस माया करायला मुकतो, असं म्हणणाऱ्याला मात्र एवढं उदाहरण पुरे.

मोठेपणी काय करता येतं? मेरी मेन यांनी मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणाबद्दल सविस्तर प्रश्न विचारायची पद्धत १९८० च्या दशकात बसवली. त्यांना आढळलं की बालपण चांगलं होतं की वाईट यापेक्षा माणूस त्याबद्दल कसं बोलतो याचा संबंध त्याच्या स्वतःच्या बाळाच्या बंधाशी जास्त लागतो. "सगळं झकास होतं" म्हणून विषय तोडणारा आणि तीस वर्षांपूर्वीच्या भांडणात अजून अडकलेला, दोघांचीही पोरं जास्त अस्वस्थ. "बाप मारायचा, मला त्याची भीती वाटायची, पुढं कळलं त्याचं कर्ज किती होतं, तरी मारणं चूकच होतं" असं सलग, न आक्रसता सांगू शकणाऱ्याची पोरं निर्धास्त असण्याची शक्यता जास्त. हे बोलणं जोडीदारापाशी होतं, मित्रापाशी होतं, समुपदेशकापाशी होतं. चांगल्या संसाराची काही वर्षंही हे काम करतात. वर्षानुवर्षं पाणी आलं नाही, की फ्रिज विटांवरून खाली येतोच.

### मग रील बघून स्वतःवर शिक्का मारावा का?

मारू नये. हे गट म्हणजे आजारांची नावं नाहीत. मोठ्यांच्या बाबतीत तर कप्पेच नाहीत, कमी-जास्तीची मोजपट्टी आहे. एकच माणूस आईपाशी आखडता, बायकोपाशी धास्तावलेला आणि मित्रांत अगदी निर्धास्त असू शकतो. दहा प्रश्नांच्या ऑनलाइन चाचणीत आज जे आलं ते पुढच्या महिन्यात ब्रेकअप झाल्यावर वेगळं येईल. "मी अव्हॉइडंट आहे" हे वाक्य फोन न उचलायची सबब म्हणून वापरलं जात असेल, तर बिचाऱ्या बोल्बीला मध्ये ओढायची गरज नाही.

आईबापाशी बोलायचं असेल तर आरोप लावण्याऐवजी प्रसंग विचारावा. "मी लहान असताना तुम्ही कुठं राहत होता? घरात कोण कोण होतं? मी रडायला लागलो की कोण घ्यायचं?" यातून पुष्कळ गोष्टी बाहेर येतात, आणि आईला उत्तर देताना स्वतःचा बचाव करावा लागत नाही.

घरात मारहाण, अत्याचार झाला असेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर रील आणि लेख दोन्ही बाजूला ठेवून माणसाशी बोलावं. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन करायला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. समोरचा माणूस तुमची स्टाइल विचारणार नाही, काय होतंय ते विचारेल.